एकच पूल धरा: टपाल तिकिटांवरचे पूल जमवायची सुरुवात

दिवाळीच्या सुट्टीत नांदेडच्या आमच्या घरी गल्लीतली सात-आठ मुलं तिकिटांच्या वह्या घेऊन जमतात. नव्या मुलाच्या वहीत सगळंच असतं: गांधीजी, मोर, क्रिकेट, एखादं फूल, मामाच्या दुबईच्या पाकिटावरचं उंटाचं तिकीट. पुढच्या दिवाळीपर्यंत अशा निम्म्या वह्या माळ्यावर गेलेल्या असतात. टिकतात त्या एकच विषय धरून भरलेल्या. म्हणून मी आता नवीन माणसाला, तो सहावीतला असो की परवाच निवृत्त झालेला, पहिल्या दिवशीच सांगतो: एक पूल धरा.

पूलच का? कारण पुलाला जन्मतारीख असते. काम कधी सुरू झालं, कमान कधी जुळली, पहिली गाडी कधी गेली, कधी बंद पडला, हे सगळं नोंदलेलं असतं. टपाल तिकिटालाही तारीख असते. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की तिकीट बोलायला लागतं. फुलाच्या तिकिटात ही सोय नाही.

पहिली पायरी: पूल निवडा, आधी आपल्या देशातला

भारतीय टपाल खात्याने २००७ साली देशातल्या नामवंत पुलांची चार तिकिटं एकत्र काढली: हावडा पूल, विद्यासागर सेतू, पांबन पूल आणि पाटण्याचा महात्मा गांधी सेतू. नवशिक्यासाठी याच्याहून चांगली सुरुवात नाही. तिकिटं फार जुनी नाहीत, खिशाला परवडतात आणि चारही पूल चार वेगवेगळ्या घडणीचे आहेत.

यातला मला सगळ्यात आवडतो तो हावडा. ३ फेब्रुवारी १९४३ ला, ऐन महायुद्धात, तो वाहतुकीला खुला झाला. साडेसव्वीस हजार टन पोलाद लागलं, त्यातलं तेवीस हजार टन टाटांच्या कारखान्यातून आलं. हुगळीच्या पात्रात त्याचा एकही खांब नाही. दोन्ही काठांवरून सुमारे १४३ मीटरचा एकेक हात नदीवर पुढे येतो आणि त्या दोन हातांच्या टोकांवर १७२ मीटरचा मधला तुकडा टांगलेला आहे. बेरीज केली तर मधलं अंतर सुमारे ४५७ मीटर भरतं. हे वाचून झालं की भिंग घेऊन हावड्याचं चित्र बघा आणि हात कुठे संपतो, टांगलेला तुकडा कुठे सुरू होतो, ते शोधा. एकदा नजरेला ते सापडलं की हा पूल तुम्ही कुठल्याही चित्रात ओळखाल. १९६५ साली त्याचं नाव रवींद्र सेतू झालं, पण कोलकात्यातही लोक हावडाच म्हणतात.

पांबन निवडलात तर वेगळीच मजा. तिथे, रामेश्वरमला जाताना, २००७ साली समुद्रावर शेजारी शेजारी दोन पूल होते. रेल्वेचा १९१४ चा, जहाज आलं की मधला भाग दोन्हीकडे उचलला जाणारा. आणि रस्त्याचा १९८८ चा, उंच, न उघडणारा. तुमच्या हातातल्या तिकिटावर कोणता दिसतो, पुढे कोणता आहे आणि मागे कोणता, हे स्वतः ठरवा. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात धनुष्कोडी गाव वाहून गेलं, तेव्हा या रेल्वे पुलालाही मोठा तडाखा बसला होता. २०२२ च्या अखेरीस जुन्या पुलावरची रेल्वे बंद झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये बाजूला नवा पूल सुरू झाला. त्याचा मधला भाग सरळ वर उचलला जातो, लिफ्टसारखा. म्हणजे २००७ चं तिकीट ज्या काळातलं आहे, तो काळ आता संपला.

पाटण्याच्या गांधी सेतूचंही तसंच. १९८२ साली खुला झालेला, गंगेवरचा साडेपाच किलोमीटरहून लांब काँक्रीटचा पूल. अलीकडे त्याचा वरचा सगळा काँक्रीटचा भाग काढून तिथे पोलादी सांगाडा बसवला. तिकीट हातात घेतलंत तर पुलाचं आधीचं रूप बघताय हे लक्षात ठेवा आणि पानावर तसं लिहा. विद्यासागर सेतू १९९२ चा, तारांवर तोललेला. तोही छान आहे, पण सुरुवातीला हावडा किंवा पांबन घ्या. त्यांची गोष्ट लांब आहे, पानं भरतात.

मग परदेशातला एक

इथे माझं मत ठाम आहे: सिडनी हार्बर ब्रिज. हा पूल १९ मार्च १९३२ ला खुला झाला आणि त्याची तिकिटं त्याच्या पाच दिवस आधी, १४ मार्चला आली. दोन पेन्स लाल, तीन पेन्स निळं आणि पाच शिलिंग हिरवं. तिन्हींवर एकच देखावा: पुलाची मोठी कमान, टोकांचे दगडी मनोरे आणि कमानीखालून जाणारं जहाज.

त्या कमानीचा पल्ला ५०३ मीटर आहे. दोन्ही काठांकडून बांधत आणलेले अर्धे भाग ऑगस्ट १९३० मध्ये मध्यभागी जुळले. फेब्रुवारी १९३२ मध्ये भार तपासायला पुलावर ९६ पर्यंत वाफेची इंजिनं ओळीने उभी केली होती. दोन्ही टोकांचे उंच मनोरे दिसायला भक्कम दिसतात, पण कमानीचा भार ते उचलत नाहीत. ते शोभेसाठी आणि बघणाऱ्याच्या मनाच्या समाधानासाठी आहेत. तिकिटावर मात्र तेच आधी डोळ्यांत भरतात.

पाच शिलिंगाचं हिरवं तिकीट आज महाग का, हे हिशेबाने समजतं. तेव्हा ऑस्ट्रेलियात देशांतर्गत साध्या पत्राला दोन पेन्स पडायचे. पाच शिलिंग म्हणजे साठ पेन्स, म्हणजे तीस पत्रांचे पैसे. तो जागतिक मंदीचा काळ, लोकांच्या हाताला काम नव्हतं. एका तिकिटासाठी तीस पत्रांचे पैसे कोण घालणार? ज्यांनी घातले ते थोडे, म्हणून तिकिटं थोडी. नवशिक्याने याच्या वाटेला जाऊ नये. दोन पेन्सचं लाल तिकीट वापरलेलं, शिक्का मारलेलं, सहज मिळतं आणि पूल दोन्हीवर तोच आहे.

ब्रिटनचा एक स्वस्त पर्यायी संच सांगून ठेवतो: १९६८ ची चार पुलांची तिकिटं. जुन्या दगडी टार स्टेप्सपासून मोटारमार्गाच्या उड्डाणपुलापर्यंत पुलांचा इतिहास चार तिकिटांत येतो. भरपूर छापली गेली, म्हणून आजही स्वस्त.

आणि एक सापळा. अमेरिकेचं १९२३ चं वीस सेंटचं ‘गोल्डन गेट’ तिकीट बरेच जण पुलाचं म्हणून घेतात. त्यावर पूल नाही! गोल्डन गेट हे मुळात सॅन फ्रान्सिस्कोच्या सामुद्रधुनीचं नाव. पूल १९३७ साली खुला झाला, तिकीट त्याच्या चौदा वर्षं आधीचं. त्यावर दिसतं ते जहाज. तसंच १९४७ च्या पंचवीस सेंटच्या हवाई टपाल तिकिटावर विमानाखाली पूल आहे, पण तो गोल्डन गेट नव्हे, त्याच गावातला ओकलंडला जोडणारा बे ब्रिज आहे. विकणारा नाव सांगेल. साल तुम्ही बघायचं.

दुसरी पायरी: साहित्य

फार लागत नाही. चपट्या टोकाचा तिकिटांचा चिमटा (भुवया उपटायचा नको, त्याचे दात तिकिटाला वण पाडतात), दहापट मोठं दाखवणारं भिंग, काळ्या पानांचं एक स्टॉक बुक (तिकिटं खोचून ठेवायच्या पट्ट्यांची वही) आणि छिद्रं मोजायची पट्टी, म्हणजे पर्फोरेशन गेज. बोटांनी तिकीट उचलायचं नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हाताला सतत घाम असतो, तो तिकिटाच्या पाठीच्या डिंकावर उमटतो आणि मग निघत नाही.

तिसरी पायरी: तिकिटं कुठून आणायची

जवळच्या मुख्य टपाल कार्यालयात जाऊन फिलॅटलीचं, म्हणजे तिकीटसंग्राहकाचं, खातं उघडा. किमान २०० रुपये भरावे लागतात आणि मग नवीन निघणारी तिकिटं त्या पैशांतून तुमच्यासाठी ठेवली जातात. काउंटरवरचे साहेब किंवा मॅडम घाईत असतील तर सकाळी लवकर जा, पगाराच्या आणि पेन्शनच्या दिवसांत जाऊ नका. नवीन तिकिटाबरोबर प्रथम दिवस आवरण (तिकीट निघाल्या दिवशीचा शिक्का मारलेलं खास पाकीट) आणि माहितीपत्रकही मागून घ्या. त्या चार पानी पत्रकात पुलाची माहिती असते आणि तुमची अर्धी मेहनत वाचते.

घरात सहावी ते नववीतलं मूल असेल तर टपाल खात्याची दीन दयाळ स्पर्श शिष्यवृत्ती विचारून घ्या. २०१७ पासून आहे, वर्षाला सहा हजार रुपये मिळतात. आधी लेखी प्रश्नमंजुषा, मग तिकिटांवरचा छोटा प्रकल्प. मुलाने एक पूल धरला असेल तर त्याचा प्रकल्प आधीच अर्धा तयार असतो.

जुन्या तिकिटांसाठी रद्दीवाले, वकिलांच्या जुन्या फायली आणि आडत दुकानांचे दप्तर. लातूर-उदगीरकडच्या आडत्यांकडे बाहेरगावच्या व्यापाऱ्यांची पत्रं वर्षानुवर्षं तारेत ओवलेली असत. एखाद्याने अजून जपलेली असतात. पण जाताना ओळखीचं माणूस बरोबर घ्या. दप्तर कुणी परक्याला उघडून दाखवत नाही आणि तो त्यांचा हक्क आहे.

इथे मराठवाड्यातल्या माणसाला एक गोष्ट हमखास भेटते. आजीच्या ट्रंकेतून निजामी तिकिटं निघतात. हैदराबाद संस्थानाची स्वतःची टपाल तिकिटं १८६९ पासून होती आणि किमती हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या स्वतःच्या चलनात, असत. १९३१ च्या त्यांच्या चित्रमालिकेत एक आण्याला चारमिनार, आठ आण्यांना अजिंठ्याच्या लेण्यांचं प्रवेशद्वार आणि एक रुपयाला दौलताबादचा चांदमिनार आहे. पुलाच्या शोधात निघालेल्या माणसाला आपल्याच जिल्ह्याची वास्तू तिकिटावर सापडते, तेव्हा तो क्षण मी बऱ्याच चेहऱ्यांवर पाहिलाय. पुलाच्या पानात ती बसत नाहीत. वेगळी ठेवा, पण सोडू नका.

दोन सूचना मात्र काटेकोर पाळा. एक, ट्रंकेतले लांबट, मोठे, दस्तावर चिकटवलेले कागद बहुतेक वेळा कोर्ट फीचे किंवा स्टँप ड्युटीचे असतात, टपालाचे नव्हे. ‘पोस्टेज’ हा शब्द किंवा टपालाचा गोल शिक्का आहे का ते बघा. दोन, तिकीट अख्ख्या पाकिटावर असेल तर कापू नका, भिजवू नका. औरंगाबाद, परभणी किंवा हिंगोलीचा जुना शिक्का असलेलं पाकीट त्या एका तिकिटापेक्षा कितीतरी जास्त सांगतं.

चौथी पायरी: भिजवणं

साध्या, नेहमीच्या वापरलेल्या पाकिटावरची तिकिटं भिजवून काढतात. तिकिटाभोवती बोटभर कागद सोडून कापा. लाल, खाकी, जांभळी पाकिटं वेगळी काढा, त्यांचा रंग पाण्यात उतरतो आणि शेजारच्या तिकिटाच्या कडा कायमच्या गुलाबी होतात. जांभळ्या शाईचा शिक्का असेल तर तेही वेगळं.

आता पाणी. आपल्याकडचं बोअरचं पाणी वापरू नका. हे मी नुकसान सोसून शिकलोय. सुरुवातीला मी हावड्याची पाच तिकिटं बोअरच्या पाण्यात भिजवून गच्चीवर वाळत घातली. वाळल्यावर काळसर भागावर पांढरी बुरशीसारखी पूड दिसली. बुरशी नव्हती, क्षार होते. ज्या पाण्याने बादलीच्या कडेला पांढरं पुटं चढतं, ते पाणी तिकिटावरही तेच करणार. पिण्याच्या जारचं किंवा फिल्टरचं पाणी वापरा, कोमट करून, पसरट ताटलीत. तिकीट चित्राची बाजू वर ठेवून पाण्यावर सोडा. पंधरा-वीस मिनिटांत ते स्वतःहून कागदापासून सुटतं. ओढायचं नाही. सुटलं नाही तर अजून दहा मिनिटं थांबा, पाणी बदला.

निघालेलं तिकीट पाठीवरून बोटाने हलकेच पुसून उरलेला डिंक काढा. मग चित्राची बाजू खाली ठेवून टीपकागदावर किंवा स्वच्छ जुन्या सुती धोतराच्या तुकड्यावर ठेवा. वर्तमानपत्रावर ठेवू नका, शाई उतरते. उन्हात तर अजिबात नको. मेच्या उन्हात तिकीट दहा मिनिटांत पापडासारखं वळतं. सावलीत, पंखा बंद करून, रात्रभर. सकाळी जाड पुस्तकात दाबून ठेवा.

पाचवी पायरी: भिंगाखाली बसा

हा टप्पा मला सगळ्यात जवळचा, म्हणून जरा थांबतो. सिडनीचं दोन पेन्सचं लाल तिकीट दोन प्रकारांत आहे आणि लांबून ती जुळी भावंडं वाटतात. पहिलं कोरीव छपाईचं: पत्र्यावर रेषा कोरून, त्यात शाई भरून, जोराने दाबून छापलेलं. बोटाचं टोक अलगद फिरवलं तर शाई किंचित उंच लागते. आकाशाच्या आडव्या रेषा बारीक आणि स्वच्छ दिसतात. दुसरं लेटरप्रेसचं, म्हणजे उठावाच्या ठशावर शाई लावून छापलेलं, बोटाला काही लागत नाही. पहिल्याला जलचिन्ह नाही. दुसरं उजेडासमोर धरलं तर कागदात मुकुट आणि ‘सी ऑफ ए’ (कॉमनवेल्थ ऑफ ऑस्ट्रेलिया) ही अक्षरं पुसट दिसतात.

मग छिद्रं मोजा. कडेच्या दातांची मोजणी दोन सेंटिमीटरला किती, अशी करतात. गेजच्या ठिपक्यांवर तिकिटाची कड सरकवत न्यायची, जिथे सगळे दात ठिपक्यांशी जुळतात तो आकडा. कोरीव छपाईच्या तिकिटाला ११ येतो, लेटरप्रेसच्या तिकिटाला साडेदहा. अर्ध्याचा फरक! पहिल्यांदा हे मोजलं तेव्हा मी तीन वेळा परत मोजलं होतं. घाई करू नका, पट्टी सरळ धरा, तिसऱ्यांदाही तोच आकडा आला तर लिहून ठेवा.

घरातली चार-पाच तिकिटं अशी तपासली की डोळा तयार होतो. तो आणखी तयार करायचा असेल तर पूल प्रत्यक्ष बघा. छत्रपती संभाजीनगरला पाणचक्कीजवळच्या महमूद दरवाजाला लागून खाम नदीवर दगडी कमानींचा जुना पूल आहे. त्याखाली उभं राहून कमानीच्या माथ्याचा दगड कसा बसवलाय ते पाहा. धाराशिव जिल्ह्यात नळदुर्गला बोरी नदीवरचा पाणीमहाल पाहा, तो बंधारा आहे आणि त्यावरून चालतही जाता येतं. कमानीवर भार कसा दोन्ही बाजूंना उतरतो हे दगडात कळलं, की सिडनीच्या पोलादी कमानीत तेच काम चाललंय हे कळायला वेळ लागत नाही.

सहावी पायरी: विकत घेताना

एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी पाच शिलिंगाचं हिरवं तिकीट ‘संधी’ म्हणून घेतलं होतं. आलं तेव्हा सुंदर दिसत होतं. रात्री भिंगाखाली धरलं तर हिरवा रंग रेषांचा नव्हता, ठिपक्याठिपक्यांचा होता, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखा. कोरीव छपाईत ठिपक्यांची जाळी नसते. मी जे विकत घेतलं होतं ती चित्राची रंगीत प्रत होती. पैसे परत मिळाले नाहीत.

म्हणून महाग तिकीट घेण्याआधी विक्रेत्याकडून पुढचा आणि मागचा मोठा, स्पष्ट फोटो मागवा. दिला नाही तर सोडून द्या. तिकिटाच्या एका कोपऱ्यात नेटका शिक्का आणि पाठीवर पूर्ण डिंक, असं दिसलं तर ते पत्रावरून आलेलं नाही. टपाल खात्याने संग्राहकांसाठी मुद्दाम शिक्का मारून विकलेलं आहे. वाईट नाही, पण त्याची किंमत वेगळी. किमतीचा अंदाज घ्यायला स्टॅन्ली गिबन्स या ब्रिटिश कंपनीची तिकिटांची सूची बघा, पण सूचीतली किंमत दुकानात मिळत नसते. नवशिक्याने वर्षभर तरी एका जेवणाच्या खर्चाहून महाग तिकीट घेऊ नये, असं मी मुलांच्या आई-वडिलांना स्पष्ट सांगतो.

सातवी पायरी: पान मांडणं

एका पानावर तीन किंवा चार तिकिटं, त्याहून जास्त नको. जुन्या तिकिटाला गोंद किंवा सेलोटेप लावायचा नाही. पारदर्शक माउंट (तिकीट आत सरकवायचं छोटं प्लास्टिकचं पाकीट) घ्या, किंवा वापरलेल्या तिकिटाला हिंज (पाठीला लावायची डिंकाची छोटी कागदी पट्टी) चालतो. तिकिटाखाली पेन्सिलीने नाही, बारीक काळ्या पेनाने चार ओळी: पुलाचं नाव आणि नदी किंवा खाडी, खुला झाल्याची तारीख, तिकीट निघाल्याची तारीख, आणि तुम्हाला स्वतःला भिंगातून दिसलेली एक गोष्ट. ही चौथी ओळ कुठूनही उतरवायची नाही. गेल्या दिवाळीत सातवीतल्या एका मुलीने हावड्याच्या पानावर लिहिलं होतं, ‘नदीत बघितलं, खांब नाही.’ तिने दोन्ही काठांचे मनोरे मोजले होते आणि मधलं पाणी बोटाने तपासलं होतं.

पावसाळ्यात वही कपाटात आडवी ठेवू नका, उभी ठेवा, म्हणजे पानं एकमेकांवर दाबून चिकटत नाहीत. शेजारी सिलिका जेलची पुडी ठेवा. कडुलिंबाचा पाला वहीत घालू नका, त्याचे डाग पडतात. दसऱ्याला बाकी पुस्तकं पूजेला काढता तेव्हा ही वहीही काढा, प्रत्येक पान उघडून तासभर सावलीत हवा लागू द्या आणि मग परत ठेवा.